बाळंतपणानंतर तांबी, सुई की इम्प्लांट? आधी तारीख पाहा, मग पद्धत ठरवा

पाळणा लांबवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, यातली चांगली कोणती?" गोंधळ तिथूनच सुरू होतो. शेजारणीला जे जमलं ते आपल्याला जमेलच असं नसतं, आणि जे जमलं असतं त्याची वेळ आपण कधीच घालवून बसलेलो असतो. म्हणून आधी दोन गोष्टी पाहायच्या, कोणत्या दिवशी काय बसवता येतं आणि त्या दिवशी तुम्ही माहेरी असाल, सासरी असाल की वावरात असाल. एवढं कळलं की अर्धी निवड आपोआप होते, उरलेली अर्धी तुमच्या तब्येतीवर.

इथं फक्त लांब चालणाऱ्या आणि थांबवल्या की पुन्हा दिवस जाऊ शकतात अशा पद्धतींचं बोलतोय. म्हणजे तांबी, हार्मोनवाली तांबी, दंडातलं इम्प्लांट आणि तीन महिन्यांची सुई, जिला सरकारी दवाखान्यात अंतरा म्हणतात. ऑपरेशनचा विषय वेगळा.

पायरी १: सातव्या-आठव्या महिन्यात कागदावर मांडा

कळा सुरू झाल्यावर कोणी "तांबी बसवायची का" विचारलं तर बाई हो म्हणेल नाही तर नाही म्हणेल, दोन्हीला काही अर्थ नाही कारण तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नसतं. हे ठरवायचं तपासणीच्या वेळी, शांतपणे, आणि लिहून घ्यायचं. एका कागदावर एवढं मांडा:

१. डिलिव्हरी कुठं होणार? माहेरच्या गावाजवळच्या पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, की सीझर होऊ शकतं म्हणून जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात?

२. माहेरी किती दिवस राहणार आणि सासरी कधी जाणार? आपल्याकडे कोणी सव्वा महिन्यात जातं, कोणी तीन महिन्यांनी. तारीख अंदाजे चालेल पण लिहा.

३. पुढचं मूल कधी हवंय? दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, की नकोच आहे पण ऑपरेशनची भीती वाटते? जागतिक आरोग्य संघटना म्हणते बाळंतपणानंतर निदान २४ महिने जाऊ द्या, मग पुढचे दिवस जावेत. सीझर झालं असेल तर हे जास्तच पाळा, आतल्या टाक्यांना वेळ लागतो.

४. शेवटचं एचबी म्हणजे हिमोग्लोबिन किती आलं, बीपी किती होतं, सिकलची म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली का आणि काय निघालं.

५. टीबीच्या गोळ्या किंवा झटक्यांच्या म्हणजे मिरगीच्या गोळ्या चालू आहेत का, याआधी कधी होत्या का.

हा कागद एमसीपी कार्डमध्येच, म्हणजे आई-बाळाच्या तपासणी कार्डातच, घडी करून ठेवा, वेगळा ठेवला की हरवतो.

तपासून घ्या: जिथं डिलिव्हरी करणार तिथं आधीच विचारा की डिलिव्हरीनंतर लगेच तांबी बसवणारे ट्रेनिंग घेतलेले डॉक्टर किंवा सिस्टर आहेत का आणि रात्रीच्या ड्युटीला पण असतात का. आशाताईला विचारलं तरी ती पत्ता लावून देते. आणि हो, तांबीच्या कामाचा आशाताईला मोबदला मिळतो, तो सरकारनंच ठरवलाय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण म्हणून ती सांगते ते खोटं असतं असं नाही, आणि म्हणून तुम्ही हो म्हणायलाच पाहिजे असंही नाही.

भाऊ, तुम्ही वाचत असाल तर एक ऐका. तांबी बसवायला नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही, निर्णय बाईचा आहे. पण तुम्हाला माहीत असलं तर पुढं रक्तस्राव वाढला, फेरी मारायला लागली, की घरात तमाशा होत नाही.

पायरी २: तारखांचं गणित नीट करा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून एक उदाहरण धरून सांगते. समजा डिलिव्हरी १ जूनला झाली.

वार पडल्यावर पहिल्या १० मिनिटांत तांबी बसवता येते. ती वेळ गेली तर ४८ तासांपर्यंत, म्हणजे ३ जूनपर्यंत. सीझर असेल तर टाके घालायच्या आधी त्याच छेदातून बसवतात, वेगळा त्रास नाही. या सगळ्यात पहिल्या १० मिनिटांत बसवलेली तांबी ४८ तासांत बसवलेलीपेक्षा जास्त टिकते.

४८ तास उलटले की तांबीचं दार बंद. आपल्या सरकारी दवाखान्यात ते सहा आठवड्यांनी उघडतं, म्हणजे १३ जुलैला. मधल्या दिवसांत गर्भाची पिशवी आकसत असते, नरम असते, तेव्हा बसवली तर निसटते, जखम किंवा जंतुसंसर्ग व्हायचा धोका वाढतो. "आज आलेच आहे तर बसवून द्या ना मॅडम" असं पंधराव्या दिवशी म्हणणाऱ्या बाया खूप असतात, आणि सिस्टरनं नाही म्हटलं की रागावून जातात. ती बरोबरच सांगत असते.

अंगावर पाजत असाल तर अंतराची सुईही सहा आठवड्यांनंतरच. इम्प्लांटचं थोडं वेगळं आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे अंगावर पाजणारीला ते डिलिव्हरीनंतर लवकरही बसवता येतं, पण तुमच्या दवाखान्यानं सहा आठवडे थांबायला सांगितलं तर थांबा.

आता आपल्याकडची खास गडबड. सव्वा महिना झाला, न्हाणंधुणं झालं, देवाला जाऊन आले की घरात सगळं मोकळं समजतात. सव्वा महिना पकडला तर आठ-नऊ जुलै येते आणि सहा आठवडे १३ जुलैला पूर्ण होतात. म्हणजे नवरा-बायको जवळ येतात तेव्हा हाताशी काहीच नसतं. बाळ अंगावर नसेल, वरचं दूध असेल, तर डिलिव्हरीनंतर तीन आठवड्यांतच काळजी घ्यायला सुरुवात करावी लागते.

सांभाळा: "पाळी आली नाही तोवर दिवस जात नाहीत" हे साफ चुकीचं आहे. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. पाळीची वाट पाहत बसलेलीला पाळी न येताच दिवस गेलेत असं आपल्या प्रत्येक गावात सापडेल.

दूध पाजल्यानं संरक्षण मिळतं हे खरं आहे, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, पाणी नाही, घुटी नाही, बाटली नाही. बाळाला आजीकडं ठेवून तुम्ही दिवसभर वावरात जायला लागलात की तिसरी अट तिथंच तुटली.

पायरी ३: चारही पद्धती शेजारी ठेवून पाहा

*तांबी.* सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दोन प्रकार येतात, ३८०ए ही १० वर्षं चालते आणि ३७५ ही ५ वर्षं. दिसायला फरक असला तरी तुम्हाला तो दिसणार नाही, म्हणून कार्डावर कोणती बसवली ते लिहून घ्या. नाही तर पाच वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही की आता काढायची की राहू द्यायची. यात हार्मोन नसतं, दुधावर काही परिणाम नाही, बसवली त्या क्षणापासून काम सुरू आणि काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. वर्षभरात १०० बायांमागे १ पेक्षा कमी जणीला दिवस जातात. त्रास कोणता, तर पहिले तीन ते सहा महिने पाळीला रक्त जास्त जातं आणि ओटीपोटात दुखतं. बहुतेकींचं नंतर कमी होतं, काहींचं नाही होत. डिलिव्हरीनंतर लगेच बसवलेली तांबी आपोआप निसटून पडायची शक्यता सहा आठवड्यांनी बसवलेलीपेक्षा जास्त असते, हे मोकळेपणानं सांगायला पाहिजे आणि बरेच ठिकाणी सांगत नाहीत. तरी पण मला विचाराल तर ज्या बाईचं सहा आठवड्यांनी पुन्हा दवाखान्यात येणं नक्की नाही तिनं डिलिव्हरीच्या वेळीच बसवून घ्यावी, पडली तर कळतं आणि पुन्हा बसवता येते.

तांबी छातीत चढते, गंजते, नवऱ्याला टोचते, हे सगळं सोडून द्या. धागा टोचतोय वाटलं तर सिस्टर कापून छोटा करते.

*हार्मोनवाली तांबी.* तशीच पिशवीत बसते पण तांब्याऐवजी हार्मोन सोडते. ५ वर्षांसाठी बसवतात. पाळीचं रक्त कमी होतं, कधी कधी पाळीच येत नाही. जास्त रक्त जाणाऱ्या बाईसाठी फार चांगली, पण आपल्याकडे ती बहुतेक खाजगीतच मिळते, काही हजार रुपये लागतात आणि त्यासाठी नागपूर, अमरावती, अकोल्याला जावं लागू शकतं. परवडत असेल तर विचारून पाहा.

*इम्प्लांट.* काडेपेटीच्या काडीएवढी मऊ कांडी, दंडाच्या आतल्या बाजूला चामडीखाली बसवतात. जागा बधिर करून, काही मिनिटांचं काम. ३ वर्षं चालतं आणि सगळ्या पद्धतींमध्ये अपयश याचंच सगळ्यात कमी. खाली तपासणीला झोपायची लाज वाटते म्हणून तांबी टाळणाऱ्यांना हे सोयीचं. पण पाळी बेभरवशाची होते, थोडं थोडं डाग लागत राहतात किंवा महिनोन्‌महिने येत नाही, याची तयारी ठेवावी लागते. सरकारी कार्यक्रमात ते टप्प्याटप्प्यानं येतंय, सगळ्या जिल्ह्यांत नाही, म्हणून आशाताईला किंवा जिल्हा रुग्णालयात विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर बसू नका. काढायलाही ट्रेनिंग घेतलेलाच माणूस लागतो, म्हणून बसवतानाच विचारा, "काढायला कुठं यायचं?"

*अंतराची सुई.* सरकारीत फुकट, दर तीन महिन्यांनी. दुधाला धोका नाही, घरात कोणाला कळत नाही, आणि यामुळंच ती बऱ्याच बायांना आवडते. वेळेवर घेतली तर १०० मध्ये एकीलाही क्वचितच दिवस जातात, पण प्रत्यक्षात वर्षभरात साधारण ४ जणींना जातात, कारण तारखा चुकतात. पाळी अनियमित होते, वर्षभरानंतर बऱ्याच जणींची बंदच होते. "रक्त आत साचतंय, त्याची गाठ होईल" असं म्हणतात, तसं काही होत नाही. पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं म्हणून पाडायला काही नसतं. काहींचं वजन वाढतं.

सुईची खरी अडचण दुसरीच आहे. एकदा टोचली की परत काढता येत नाही, आणि शेवटच्या सुईपासून पुन्हा दिवस जायला साधारण सात ते दहा महिने लागतात. म्हणजे ज्यांना बरोब्बर दोन वर्षांनी मूल हवंय त्यांनी ते महिने मोजूनच शेवटची सुई ठरवायची. नाही तर मग सासू म्हणते, "सुईनं पोरीले वांझ केलं." केलेलं नसतं, फक्त उशीर लागतो.

सांभाळा: यातली एकही पद्धत गुप्तरोग किंवा एचआयव्हीपासून वाचवत नाही. तशी शंका असेल तर निरोध सोबत पाहिजेच.

पायरी ४: तब्येतीच्या चाळणीतून काढा

पायरी १ चा कागद आता समोर घ्या.

एचबी कमी असेल, पाळीला आधीपासूनच जास्त जात असेल, तर साधी तांबी ही पहिली निवड नको. बसवता येत नाही असं नाही, पण रक्त अजून जाईल. सुई, इम्प्लांट किंवा हार्मोनवाली तांबी बरी. आणि तांबीच बसवायची असेल तर बाळंतपणानंतरच्या लोहाच्या लाल गोळ्या पूर्ण १८० दिवस खायच्या, डब्यात ठेवायच्या नाहीत.

सिकल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, यवतमाळचा पांढरकवड्याकडचा भाग, इथं हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जायचंच नाही. एएस म्हणजे नुसती वाहक असाल तर कोणतीही पद्धत चालते. एसएस म्हणजे आजार असेल तर सुई आणि इम्प्लांट चालतात, साध्या तांबीनं रक्त जास्त जाण्याची काळजी असते म्हणून डॉक्टरांशी बोलूनच. आणि कार्ड दाखवा. "मले सिकल हाय" एवढं तोंडी सांगून एएस की एसएस ते कळत नाही.

बीपी. गरोदरपणात वाढलं होतं आणि नंतर उतरलं असेल तर अडचण नाही. पण सहा आठवड्यांनी मोजलं आणि १६०/१०० किंवा जास्त आलं तर सुई नको. साध्या तांबीला बीपीचा संबंध नाही.

टीबीच्या गोळ्या चालू असतील, त्यात बहुतेक वेळा रिफाम्पिसिन असतं, तर इम्प्लांटचं काम कमी होतं. मिरगीच्या काही गोळ्यांचं म्हणजे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांचंही तसंच. अशा वेळी सुई किंवा तांबी. हे बाई स्वतःहून सांगत नाही कारण टीबीचा आणि पाळण्याचा काय संबंध असं तिला वाटतं, म्हणून गोळ्यांचं पाकीटच सोबत न्या. पिशवीचा टीबी असेल तर मात्र तांबी बसवायचीच नाही.

छातीत गाठ निघालेली आणि ती कॅन्सरची असेल, तर हार्मोनवालं काहीच नाही. पाळीशिवाय मधेच रक्त जातंय आणि कारण कळलेलं नाही, तर आधी कारण शोधा, मग पद्धत.

पायरी ५: डिलिव्हरीच्या दिवशी

तांबी लगेच बसवायचं ठरलं असेल तर भरती होतानाच सांगा, केसपेपरवर लिहायला लावा. सोबत आलेल्या आईलाही सांगून ठेवा, कारण कळा वाढल्यावर बोलायचं काम तिचंच.

आणि या गोष्टी झाल्या तर त्या दिवशी तांबी नको, हे पण माहीत असू द्या: पाणी फुटून १८ तासांपेक्षा जास्त वेळ झाला, ताप आला किंवा पाण्याला वास आला, डिलिव्हरीनंतर रक्त थांबत नाहीये. डॉक्टर नाही म्हणाले तर वाद घालू नका, सहा आठवड्यांनी या.

इथं थांबा: घरी निघायच्या आधी डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन वाचा. तांबी बसवली का, कोणती, कोणत्या तारखेला, पुन्हा कधी यायचं. काही बायांना महिनोन्‌महिने माहीतच नसतं की आपल्याला बसवली आहे, आणि काहींना वाटतं बसवली पण बसवलेलीच नसते. दोन्ही वाईट. न विचारता कोणी बसवली असेल तर ते चूकच आहे, तसं स्पष्ट बोला, आणि नको असेल तर काढून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पायरी ६: बेचाळिसावा दिवस

हा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा. याच दिवशी बाळाला दीड महिन्याचा डोस असतो, आशाताईची नवजात बाळाची शेवटची घरभेटही ४२ व्या दिवशी असते. म्हणजे एकाच फेरीत तुमचंही काम होतं. फक्त बाळाला सुई टोचून घरी परत यायचं नाही, स्वतःसाठी पण खिडकीवर केसपेपर काढायचा.

ज्यांनी डिलिव्हरीला तांबी बसवली त्यांनी या दिवशी तपासून घ्या. लगेच बसवलेल्या तांबीचा धागा पिशवी आकसत जाईल तसा खाली उतरतो, लांब वाटला तर कापतात. धागा दिसलाच नाही तर घाबरू नका, बऱ्याचदा आत गुंडाळलेला असतो, पण "असेल आतच" म्हणून सोडूनही देऊ नका. सोनोग्राफी करा. ती होईपर्यंत निरोध वापरा.

ज्या आता सुरू करणार त्यांनी आधी दिवस गेलेले नाहीत हे नक्की करायचं. सहा महिन्यांच्या आत आहात, फक्त अंगावर पाजता आणि पाळी आली नाही, किंवा डिलिव्हरीनंतर संबंधच आलेला नाही, किंवा पाळी येऊन सात दिवस झालेले नाहीत, यातलं एक जरी खरं असेल तर बहुतेक वेळा पुढं जाता येतं. नसेल तर आशाताईकडं दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट असतं, फुकट तपासा.

साधी तांबी लगेच काम करते. सुई, इम्प्लांट, हार्मोनवाली तांबी यांना, पाळी येऊन गेली असेल आणि मधल्याच दिवशी घेतली असेल तर, पुढचे सात दिवस निरोध लागतो. सिस्टर गडबडीत हे सांगायचं विसरते, तुम्ही विचारा.

सांभाळा: सुई घेतल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही. आपल्याला सवय असते टोचलं की चोळायची. चोळलं की औषध लवकर पसरतं आणि तीन महिने पुरत नाही.

पायरी ७: पुढचे महिने, आणि सुईचा दुसरा डोस

सुई घेणाऱ्या पहिल्याला येतात, दुसऱ्याला गायब होतात. का होतं ते पाहा. आपल्या उदाहरणात पहिली सुई १३ जुलैला, दुसरी १३ ऑक्टोबरला. बाळाचा साडेतीन महिन्याचा डोस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो, तेव्हा सुईची वेळ आलेली नसते, फार लवकर होतं. नंतर बाळाचा मोठा डोस थेट नऊ महिन्यांना. आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला. म्हणजे १३ ऑक्टोबरच्या आसपास तुम्हाला आठवण करून देणारं कोणीच नाही आणि नेमकी तेव्हा सोयाबीनची सोंगणी, लगेच कापसाचा पहिला वेचा. वरून तोवर तुम्ही माहेरहून सासरी आलेल्या, इथल्या सिस्टरला तुमची पहिली सुई माहीतच नाही.

म्हणून हे करा:

१. माहेरी पहिली सुई घेतली की तिचं कार्ड मागून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

२. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला कार्ड दाखवून नाव टाका.

३. तारखेत सूट असते ती लक्षात ठेवा, दोन आठवडे आधी ते चार आठवडे नंतर. म्हणजे आपल्या उदाहरणात २९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर. सोंगणीच्या आधीच जाऊन या, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

४. चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर झाला तरी जा. "आता तं गेलंच" म्हणून घरी बसू नका. दिवस गेले नाहीत हे तपासून पुन्हा देतात, तोवर निरोध.

आणि जे मजुरीला बाहेर जातात, मेळघाटातून कामाला जाऊन होळीला परत येतात त्यांच्यासारखे, त्यांना माझं स्पष्ट मत, सुईच्या मागं लागू नका. तांबी किंवा मिळत असेल तर इम्प्लांट. दर तीन महिन्यांनी नवा दवाखाना शोधणं जमत नाही.

तांबीवाल्यांनी दर पाळीनंतर हात धुऊन धागा लागतो का पाहायचं, निदान पहिले तीन-चार महिने, कारण निसटली तर बहुतेक याच काळात. ओढून पाहायचं नाही. कडक टोक हाताला लागलं, धागा एकदम लांब झाला किंवा गायब झाला तर दवाखाना.

लगेच जा, उद्यावर टाकू नका: थंडी वाजून ताप, अंगावर वास येणारं पांढरं-पिवळं जाणं, ओटीपोटात असह्य दुखणं, तासाला पॅड भिजेल इतकं रक्त. तांबी असताना पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत असू शकतो, गाडी करा आणि थेट मोठ्या दवाखान्यात. सुई किंवा इम्प्लांटवर असताना डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, डोळे पिवळे होणं, हे पण तसंच.

थोडे डाग, पाळी मागं-पुढं, हे मात्र धोक्याचं नाही. पण "सहन करा" एवढंच ऐकून परत येऊ नका, त्यावर गोळ्या असतात, मागा.

पायरी ८: काढणं किंवा बदलणं

तांबी आणि इम्प्लांट कधीही काढता येतात, मुदत संपायची वाट पाहायची गरज नाही आणि कारणही द्यावं लागत नाही. "आत्ताच तं बसवली, राहू द्या अजून सहा महिने" असं कोणी म्हणालं तर त्रास समजून घ्यायला थोडं ऐका, पण शेवटी काढा म्हटलं की काढलीच पाहिजे. तांबी पीएचसीतही काढतात, दोन मिनिटं लागतात. गावातल्या दाईकडून किंवा स्वतः धागा ओढून काढायची नाही, तुकडा आत राहतो, रक्तस्राव होतो.

मुदत संपली आणि अजून नकोच असेल तर जुनी काढून नवी त्याच वेळी बसवता येते. मधे एक महिना "पिशवीला आराम" द्यायचा असतो असं सांगतात, त्याची गरज नाही, उलट त्या आरामाच्या महिन्यातच दिवस जातात.

तांबीवरून सुईवर यायचं असेल तर आधी सुई घ्या आणि तांबी सात दिवसांनी काढा. सुईवरून तांबीवर यायचं असेल तर पुढच्या सुईच्या तारखेच्या आत जाऊन बसवा. आणि जाताना जुनं कार्ड घेऊन जा, नवीन सिस्टर सगळ्यात आधी तेच मागते.